वाळा, युडीकोलन आणि सकाळची लोकल

परफ्यूमच्या दुकानात परफ्यूम निवडता येत नाही. तिथे फार तर ‘हा नको’ एवढं ठरतं. डोंबिवली ते सीएसएमटी रोज घामाघूम होत प्रवास करून बनवलेलं मत आहे हे, त्यामुळे ते सहजासहजी बदलायचं नाही.

कॉलेज संपल्यापासून माझा एकच परफ्यूम होता. फुलांच्या वासाचा, फार महाग नाही, फार स्वस्तही नाही. संपला की तोच मागवायचा, डोक्याला ताप नाही. मागच्या हिवाळ्यात नवी बाटली आली. तोच खोका, तेच नाव, तोच गुलाबी रंग. पण फवारला आणि काहीतरी गळाल्यासारखं वाटलं. मधली फुलंच गायब. वर लिंबू-संत्र्यासारखं काहीतरी, खाली गोडसर लाकूड आणि मधे पोकळी. डुप्लिकेट माल आला म्हणून मी चिडून मावसभावाला फोन केला. तो ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात केमिस्ट आहे.

“ताई, जुना खोका आहे का तुझ्याकडे?”

होता. मी खोके टाकत नाही, सासूबाई त्याला भंगार म्हणतात. रविवारी तो आला, दोन्ही खोके शेजारी शेजारी ठेवले, मोबाइलची टॉर्च लावली आणि मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरातली घटकांची यादी वाचायला बसला. जुन्या यादीत एक नाव होतं, ‘ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल’. नव्या यादीत ते नव्हतं. धंद्यात याला लिलियल म्हणतात. लिली ऑफ द व्हॅली नावाच्या फुलाचा वास आणायला ते वर्षानुवर्षं वापरलं जायचं, परफ्यूमपासून शांपूपर्यंत सगळीकडे. प्रजननक्षमतेला धोका पोचू शकतो म्हणून युरोपीय संघानं १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. मोठ्या कंपन्या एका देशासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरं मिश्रण करत बसत नाहीत, त्या सगळीकडचंच बदलतात. खोक्यावर ‘नवीन मिश्रण’ असं कुणी छापत नाही.

“म्हणजे माझा परफ्यूम गेला?”

“गेला. आता नवा शोध. आणि यावेळी नीट शोध, नाकानं.”

पहिली फेरी अर्थातच मॉलमध्ये. काउंटरवरची मुलगी गोड होती आणि तिचा हात भलताच चालू होता. मी ‘फुलांचा, हलका’ एवढं म्हणायचा अवकाश, कागदाच्या पट्ट्या फवारून समोर पंख्यासारख्या धरल्या. चौथ्या-पाचव्या पट्टीनंतर सगळं एकच वाटायला लागलं. तिनं कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. “हे हुंगा मॅडम, नाक फ्रेश होतं.” भावाला हे सांगितल्यावर तो हसला. यावर प्रयोग झालेत म्हणे आणि कॉफीच्या बियांनी साध्या हवेपेक्षा वेगळं काही साधत नाही असंच त्यात दिसलं. उलट कॉफी हाच आणखी एक जबरदस्त वास. नाक थकलं की बाहेर जाऊन उभं राहायचं, नाहीतर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावायचं. आपल्या अंगाच्या वासाची नाकाला सवय असते, म्हणून तिथे त्याला आराम मिळतो.

मनगटावर मनगट घासू नये, त्यानं ‘रेणू मोडतात’, हेही त्याच मुलीनं सांगितलं होतं. यावर तर तो खो खो हसत सुटला. “रेणू मोडायला काय ती चकली आहे? घासल्यानं कातडी गरम होते, वरचा वास जरा लवकर उडतो, बस.” तरी मी घासत नाही. सवय लागली ती लागली.

पुढच्या वेळी येताना त्यानं खिशातून तीन छोट्या कुप्या आणि पांढऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा काढला. एकेका पट्टीचं टोक बुडवलं, मागे पेनानं वेळ लिहिली आणि पट्ट्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर कपड्यांच्या चिमट्यांत उभ्या केल्या. पहिली संत्र्याच्या सालीच्या तेलाची. दुसरी लिनालूलची, म्हणजे लव्हेंडरमध्ये आणि धण्यात असतं ते. तिसरी, तो म्हणाला, कस्तुरीची. मी तिसरी हुंगली. काहीच नाही. पुन्हा हुंगली.

“कोरा कागद दिलास की काय?”

त्यानं पट्टी नवऱ्याच्या नाकाखाली धरली. नवरा म्हणाला, “धुतलेल्या चादरीचा वास येतोय, छान आहे.” लेकीलाही आला. मला अजूनही येत नाही. हे गॅलेक्सोलाइड नावाचं कृत्रिम कस्तुरीद्रव्य. त्याचे रेणू जडशीळ असतात आणि काही माणसांच्या नाकांना ते जाणवतच नाहीत किंवा अगदी पुसट जाणवतात. धुण्याच्या पावडरीत आणि फॅब्रिक कंडिशनरमध्ये हाच माल असतो. मला आयुष्यभर धुतलेले कपडे ‘बिनवासाचे’ का वाटत आले, त्याचा उलगडा तेव्हा झाला. खऱ्या कस्तुरीचा तर प्रश्नच नाही. कस्तुरीमृगाला आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे दुकानात कुणी ‘असली कस्तूरी’ म्हणून काही देत असेल तर तो एकतर थापा मारतोय किंवा गुन्हा करतोय. अंबरचंही तसंच. ‘व्हेल माशाची उलटी’ पकडल्याच्या बातम्या आपण ठाण्या-रत्नागिरीच्या वाचतो ना, तेच अंबर. परफ्यूमच्या बाटलीवर अंबर लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा एकतर राळ-व्हॅनिलाचं मिश्रण किंवा अँब्रॉक्सनसारखं कारखान्यात बनलेलं द्रव्य.

चहा होईपर्यंत संत्र्याची पट्टी जवळजवळ कोरी झाली होती. लिनालूल संध्याकाळपर्यंत पुसट झालं. कस्तुरीची पट्टी नवऱ्याच्या सांगण्यानुसार दुसऱ्या रविवारीही वास देत होती. परफ्यूमवाले टॉप, मिडल, बेस म्हणतात, तो सगळा प्रकार इतकाच. हलकं आधी उडतं, जड मागे राहतं. दुकानात आपण हुंगतो ती पहिली दहा-पंधरा मिनिटं, आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. बाटलीचा सगळा नखरा त्या वरच्या थरात भरलेला असतो. घरी नेऊन दिवसभर अंगावर वागवायचा असतो तो खालचा.

म्हणून मी ठरवलं, एका दिवशी एकच परफ्यूम, आणि तोही पूर्ण दिवस. बाटल्या विकत घेऊन हे करायचं तर दिवाळं निघेल. पण हल्ली मोठ्या बाटलीतून काढलेल्या पाच-दहा मिलीच्या छोट्या बाटल्या मिळतात, डिकँट म्हणतात त्यांना. त्या मागवल्या. सकाळी आंघोळीनंतर गळ्याखाली एक आणि कोपराच्या खोबणीत एक फवारा, आणि निघायचं. प्लॅटफॉर्मवर एकदा हुंगायचं, घाटकोपरला एकदा, ऑफिसात एसीत तासभर बसल्यावर एकदा, जेवणानंतर, आणि परतीच्या गाडीत. मोबाइलमध्ये दोन शब्द लिहून ठेवायचे. बायकांच्या डब्यात मनगट नाकाला लावून बसणारी बाई म्हणून माझी थोडीफार ख्याती झाली. एका कॉलेजकन्यकेनं विचारलंच, “काकू, बरं वाटत नाहीये का?”

यातून जे कळलं ते कुठल्याच जाहिरातीत नसतं. आपल्याकडे एकाच दिवसात दोन हवामानं असतात. एप्रिलमधल्या सकाळचा डोंबिवलीचा प्लॅटफॉर्म, दमट आणि तापलेला. तिथे सगळं भराभर उडतं, आणि जे गोड आहे ते दुप्पट गोड होतं. मग ऑफिसमधला एसी, कोरडा आणि थंडगार. तिथे वास कातडीवरून उठायलाच तयार नसतो. मॉलच्या थंडाव्यात मला फार आवडलेला व्हॅनिलाचा एक परफ्यूम गाडीत बसेपर्यंत गुलाबजामचा पाक अंगावर सांडल्यागत झाला. शेजारच्या बाईनं खिडकी उघडली ती त्याच्यामुळेच, अशी माझी आजही खात्री आहे. नाव ठेवण्यासारखी चूक त्या परफ्यूमची नाही. पॅरिसच्या डिसेंबरात कोटाखाली लावला तर सुंदरच असेल.

मग ते ‘समुद्री’ परफ्यूम. नव्वदच्या दशकापासून पुरुषांच्या परफ्यूममध्ये त्यांचं राज्य आहे. १९८८च्या कूल वॉटरनंतर निळ्या बाटल्यांची रीघच लागली. त्यातल्या अनेकांत कॅलोन नावाचं द्रव्य असतं, कापलेल्या कलिंगडाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास त्याचा. उन्हाळ्याला बरा वाटेल असं वाटलं होतं. माझ्या अंगावर दुपारपर्यंत त्याचं स्टीलच्या भांड्यासारखं काहीतरी झालं. शिवाय दादरला जिना चढताना तोच वास पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी येत होता. तोही बाद.

युडीकोलनचं मात्र मला अप्रूप वाटलं. लहानपणी ताप आला की आई कपाळावर युडीकोलनच्या पट्ट्या ठेवायची, त्यामुळे तो वास आला की मला आपोआप मऊ भात आठवतो. हा वास मूळचा जर्मनीतल्या कोलोन शहराचा. योहान मारिया फारिना या इटालियन माणसानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे तो बनवला, त्याच्या त्या पाण्याचं नाव पुढे जगभर गेलं. लिंबू, संत्रं, बर्गामोट, थोडी रोजमेरी, थोडी संत्र्याची फुलं. प्लॅटफॉर्मवर उभं असताना यासारखं सुख नाही. पण कोलोनमध्ये सुगंधी तेल दोन ते पाच टक्केच असतं, आणि तेही बहुतेक उडणाऱ्यातलं, त्यामुळे ठाणं येईपर्यंत खेळ खलास. ईडीटीत (ओ द त्वालेत) साधारण पाच ते पंधरा टक्के आणि ईडीपीत (ओ द पार्फ्यूम) पंधरा ते वीस टक्के तेल, असं म्हणतात. पण या पाट्यांना कायद्याची मोजपट्टी नाही, कंपनी लावेल ती पाटी. आणि एकाच नावाच्या ईडीटी आणि ईडीपीत नुसतं पाणी कमी-जास्त नसतं, मिश्रणच वेगळं असू शकतं. ईडीटी आवडली म्हणून ‘जास्त टिकेल’ या हिशेबानं ईडीपी घ्यायला गेलात तर भलताच वास घरी येतो.

टिकाऊ काहीतरी हवं होतं आणि गोड नको होतं. एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर चालत महंमद अली रोडला गेले. मिनारा मशिदीच्या आसपास अत्तराची दुकानं आहेत. काचेच्या कपाटांत जाड बुचांच्या बाटल्या, आणि पुढे रोल-ऑनच्या रांगा. रांगांतल्या निम्म्या चिठ्ठ्यांवर परदेशी परफ्यूमची नावं आणि पुढे ‘टाइप’, म्हणजे त्यांच्या नकला. त्यात मला रस नव्हता. मी जुनी अत्तरं दाखवा म्हटलं. गल्ल्यामागच्या म्हाताऱ्या चाचांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, काचेची काडी बुडवली आणि हात पुढे करायला सांगितलं. मनगट दिलं तर म्हणाले, “उल्टा हाथ दीजिए.” तळहाताची मागची बाजू. तिथे घाम कमी असतो. मी लगेच नाकाशी नेला तर जवळजवळ ओरडलेच, “अभी नहीं! पहले बैठने दो.” मॉलमध्ये पाच मिनिटांत पाच फवारे, इथे एका काडीसाठी हात हवेत धरून गप्पा. इथला माणूस वस्तू ओळखून विकत होता.

पहिलं मोगऱ्याचं. मी नाक लावलं आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला. “हे काहीतरी बिघडलंय,” मी म्हटलं. त्यांनी नुसतं हसून एक थेंब कापसाच्या फायावर घेतला आणि दुकानाच्या पार दाराशी नेऊन हलवला. तिथून आला तो चक्क गजऱ्याचा वास. घरी येऊन भावाला विचारलं, तर हे इंडोल. मोगऱ्यात, जाईत, चमेलीत ते मुळातच असतं. दाट असताना डांबरगोळीसारखं आणि त्याहूनही वाईट वास मारतं, विरळ झालं की त्याच्याशिवाय फूल जिवंत वाटत नाही. रात्री उशीखाली राहिलेला गजरा सकाळी तपकिरी पडून कसा वास मारतो ते ज्यांनी घेतलंय, त्यांना हे पटकन कळेल. स्वस्त मोगरा अत्तरात इंडोल जवळपास नसतंच, म्हणून ते साबणासारखं नुसतंच गोड लागतं.

गुलाबाचं त्यांनी दोन भावांत दाखवलं. एक पाव तोळ्याला परवडणारं, एक न परवडणारं. अत्तराचा बाजार अजून तोळ्यातच चालतो. तीन मिलीची बाटली पाव तोळा, सहाची अर्धा, बाराची एक तोळा. एक किलो गुलाबतेलाला तीन ते पाच टन फुलं लागतात हे लक्षात घेतलं की ‘शुद्ध गुलाब’ म्हणून शे-दोनशेत मिळणाऱ्या बाटलीत काय असेल हे वेगळं सांगायला नको. पाया पूर्वी चंदनतेलाचा असायचा. चंदन महागल्यापासून बऱ्याच ठिकाणी पॅराफिनसारखं बिनवासाचं तेल वापरतात. चाचांनी हे स्वतःहून सांगितलं.

आणि मग वाळा. खस. हिरवट, दाट थेंब. पहिला वास ओल्या मातीचा, मुळांचा, थोडा धुरकट. माठात टाकलेली वाळ्याची जुडी आणि खिडकीला लावून पाणी मारलेले वाळ्याचे पडदे ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. कन्नौजचा माल, तांब्याच्या भट्टीतून काढलेला, म्हणून हा हिरवा रंग. कन्नौजला अत्तर अजून देग-भपक्याच्या रीतीनं काढतात. देग म्हणजे तांब्याचं मोठं भांडं, त्यात फुलं किंवा मुळं आणि पाणी, झाकण मातीनं लिंपलेलं. त्यातून बांबूची नळी, चोंगा, निघून भपक्यात जाते. भपका गार पाण्याच्या हौदात बसवलेला. खाली आच, वाफ नळीतून जाते, भपक्यात थंड होते आणि सुगंध आतल्या चंदनतेलात उतरतो. वाळ्यासारखं नुसतं तेल काढायचं असलं तर भपक्यात चंदन घालत नाहीत, त्याला रूह म्हणतात. तापमापक नाही, कारागीर भपक्याला हात लावून अंदाज घेतो. त्यांनी मिट्टीचं अत्तरही दाखवलं, भाजलेल्या मातीच्या तुकड्यांपासून काढलेलं. हुंगायला अफाट, पण अंगाला लावायचा मला धीर झाला नाही. ते मला दुरूनच आवडतं.

खशीचा पाव तोळा घेतला. दुसऱ्या दिवशी नेहमीची परीक्षा. प्लॅटफॉर्मवर छान. घाटकोपरला छान. ऑफिसच्या एसीत जवळ आल्याशिवाय कुणाला कळलं नाही, म्हणजे उत्तमच. संध्याकाळी परतीच्या गाडीत, दिवसभराच्या घामानंतर, तो अजून कोपरात होता आणि घामाशी भांडत नव्हता. वाळ्याची द्रव्यं जड असतात, उकाड्यात सावकाश उडतात. उन्हाळ्यासाठी आपल्याच लोकांनी पूर्वीच निवडून ठेवलेला वास. तो शोधायला मी निळ्या बाटल्यांत फिरत होते.

एकट्या वाळ्यात एकच खोट, सकाळी तो जरा गंभीर वाटतो. त्यावर मी युडीकोलन जोडलं. आधी अत्तराचं बोट कोपरात आणि कानामागे, मग ओढणीच्या आतल्या बाजूला कोलोनचे दोन फवारे. लिंबू ठाण्यापर्यंत जातं, तोवर वाळा वर आलेला असतो. भाऊ म्हणाला, हे तू परफ्यूमच बनवलास की. टेर द अर्मेससारख्या नावाजलेल्या परफ्यूममध्ये संत्रं आणि वाळा हीच जोडी आहे म्हणे. असेलही. मला हा पर्याय स्वस्त पडतो.

लावण्याच्या बाबतीत काही गोष्टी अनुभवानं पक्क्या झाल्या. कातडी कोरडी असेल तर वास टिकत नाही. आधी बिनवासाचं व्हॅसलीन बोटभर लावलं तर फरक पडतो. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास मधे येतो. वीसेक मिनिटांनी आपला वास आपल्याला येईनासा होतो, कारण नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून लोक पुन्हा पुन्हा फवारतात आणि लिफ्टमधल्या बाकीच्यांचा श्वास कोंडतो. किती लावलंय हे आपण ठरवायचंच नाही, दुसऱ्याला विचारायचं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना मायग्रेन आहे. तिला मी आधीच सांगून ठेवलंय, त्रास झाला तर तोंडावर बोल. व्हॅनिलाच्या दिवशी ती बोलली. वाळ्याबद्दल अजून तक्रार नाही. दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना आणि कुणाच्या घरी सांत्वनाला जाताना मी काहीच लावत नाही.

साडीचं वेगळं. पैठणीवर अत्तर पडलं तर तेलाचा डाग, परफ्यूम पडला तर अल्कोहोलचा. फाया करून रुमालात ठेवायची आईची रीतच बरी. आणि मोत्यांचे दागिने नेहमी वास लावून, तो वाळल्यावर घालायचे. तन्मण्याचे मोती परफ्यूमनं निस्तेज होतात. बाटल्या बाथरूममध्ये किंवा खिडकीतल्या ड्रेसिंग टेबलवर ठेवल्या की उष्णतेनं आणि उजेडानं वास फिरतो. माझ्या गोदरेजच्या कपाटात आहेत, खोक्यांसकट. सासूबाईंनी आता खोक्यांबद्दल बोलणं सोडलंय.

जून लागला आणि वाळ्यानं घोटाळा केला. पावसाळ्यात घरभर दोऱ्या बांधलेल्या, अर्धवट वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास, आणि त्यात मातीच्या वासाचं अत्तर. दोन्ही एकमेकांत असे मिसळतात की कुठला कुठून येतोय कळत नाही. जुलै-ऑगस्टसाठी वेगळं काहीतरी लागणार हे उघड आहे. अत्तरातली हिना लावून पाहिली. मसाल्यांची ऊब आहे, ओल्या हवेत शोभतेही, पण सकाळच्या सातला ती लग्नघरात नेऊन बसवते. भावानं आणखी काही कुप्या दिल्यात, नावं झाकून, फक्त आकडे टाकून. आकडा तीन मला पाण्यासारखा वाटतो आणि नवरा रोज म्हणतो, हाच घे.

त्यात कस्तुरी असणार. आता आपल्याला ज्याचा वासच येत नाही तो परफ्यूम विकत घ्यायचा का, यावर आमच्या घरी सध्या वाद चालू आहे. लेकीचं म्हणणं, बाबांनाच घेऊ दे, पैसेही त्यांनीच द्यावेत.